मातीतलं नवं अँटिबायोटिक शोधायचंय? केमिस्ट्री आधी पक्की करा

ठाण्यात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करणाऱ्यांना हमखास एक हौस असते : येऊरला जायचं, पिशवीत माती भरायची आणि नवं औषध शोधायचं. मलाही होती. पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथली माती वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलायची नाही. खाडीकाठच्या खारफुटीतही आधी विचारा. तोवर कॉलेजच्या आवारातल्या मातीवर हात बसवा, तिथेही स्ट्रेप्टोमायसिस (अनेक अँटिबायोटिकं बनवणारे मातीतले जिवाणू) भरपूर असतात.

माती पसरून चांगली वाळवा. स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू कोरडेपणा सोसतात, इतरांची गर्दी बरीच ओसरते. मग स्टार्च-केसिन आगर (त्यांना वाढवायचं माध्यम), बुरशी रोखायला नायस्टॅटिन आणि 28 अंशांचा इनक्युबेटर. दोन दिवसांत ज्या चकचकीत, ओलसर कॉलन्या दिसतात त्या सोडून द्या, पण प्लेट टाकू नका. आठ-दहा दिवसांनी खडूची पूड भुरभुरल्यासारख्या कॉलन्या उगवतात, त्याच स्ट्रेप्टोमायसिसच्या. सुई लावली की लक्षात येतं, त्या आगरात घट्ट रुतलेल्या असतात. झाकण जरा सरकलं तरी पहिल्या पावसाचा वास येतो, तो जिओस्मिन या संयुगाचा. (मुद्दाम नाक खुपसू नका.)

स्टॅफिलोकोकस या रोगजनक जिवाणूच्या प्लेटवर झोन (त्याची वाढ थांबलेलं वर्तुळ) आला की सगळे पेढे मागतात. खरी डोकेदुखी तिथून पुढे असते. बहुतेक वेळा ते संयुग कुणाला तरी केव्हाच सापडलेलं असतं. अ‍ॅक्टिनोमायसिन हे अँटिबायोटिक 1940 मधलं, तरी ते पुन्हा पुन्हा हाती लागतं. एक्स्ट्रॅक्ट नारिंगी दिसला, 440 नॅनोमीटरच्या आसपास शोषण आणि मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वजन दाखवणाऱ्या आलेखात) 1255च्या जवळ पीक मिळालं, तर पहिला संशय त्याच्यावरच घ्या. ही ओळख पटवायच्या आधी महिनोन्‌महिने शुद्धीकरण करत बसणं म्हणजे निव्वळ हमाली.

मग नवं काही उरलंय का? उरलंय. 2002 मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम वाचला गेला, तेव्हा अशी संयुगं बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह दिसले. प्रयोगशाळेत त्यातले बरेच गप्प असतात. माध्यम बदललं, शेजारी दुसरा जिवाणू वाढवला, की एखादा बोलतो. जीनोम हाताशी असेल तर अँटिस्मॅश हे मोफत सॉफ्टवेअर हे समूह दाखवतं.

गाइड निवडताना पेपर किती हे नंतर विचारा. आधी विचारा, एलसी-एमएस (मिश्रणातली संयुगं वेगळी करून त्यांचं वजन मोजणारं यंत्र) कुठे आहे आणि नंबर कधी लागतो? रबाळे-महापेच्या औषध कंपन्यांत एचपीएलसी (संयुगं वेगळी करणारं यंत्र) चालवणारे सीनियर ओळखीचे असतील तर त्यांच्याकडून क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्या यंत्राचा आलेख, वाचायला शिका, चहाच्या बदल्यात शिकवतात.