जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातून फिल्मसारखी छायाचित्रे: माझा अनुभव

फिल्मसारखा पोत मिळावा म्हणून मी १० मेगापिक्सेलचा, सीसीडी सेन्सर (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा एक जुना प्रकार) असलेला जुना कॅमेरा वापरायला काढला. परंतु सुरुवातीच्या छायाचित्रांत आकाश पांढरेफटक पडले होते आणि चेहऱ्यांच्या उजळ भागांत त्वचेचा तपशीलच उरला नव्हता. कारण शोधताना लक्षात आले की निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश हळूहळू सामावून घेते, तर डिजिटल सेन्सरची क्षमता संपताच पुढचा तपशील एकदम नाहीसा होतो, आणि जुन्या सेन्सरमध्ये ही मर्यादा लवकर येते.

त्यामुळे मी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ वर ठेवले (म्हणजे छायाचित्र मुद्दाम थोडे गडद घेतले), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० च्या पुढे नेला नाही, आणि जेपीईजीऐवजी रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) घेऊन सावलीचे भाग नंतर संगणकावर कर्व्हच्या (उजेड-अंधार बदलण्याच्या आलेखाच्या) साहाय्याने थोडे उजळले. आकाशाचा रंग परत आला. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंग जुळवणारी सोय) ‘ऑटो’वरून काढून ‘डेलाइट’वर स्थिर केल्यावर तर संध्याकाळचा पिवळसर उजेड जसाच्या तसा टिकू लागला, कारण डेलाइट फिल्मही एकाच प्रकारच्या प्रकाशासाठी बनवलेली असते; माझ्या दृष्टीने खरा फरक याच बदलाने पडला. (सीसीडीचे रंग मुळातच निराळे असतात, असे अनेकजण मानतात; मला मात्र त्यात सेन्सरवरील रंगगाळण्यांचा आणि कॅमेऱ्यातील प्रक्रियेचा वाटा मोठा वाटतो.)

मेमरी कार्डाची अडचण किरकोळ होती: कॅमेरा २ जीबीपेक्षा मोठी एसडीएचसी कार्डे वाचत नसल्याने २ जीबीचे साधे एसडी कार्ड घालताच तो सुरळीत चालू लागला.