आधी लाल अक्षरं वाचा: वेब डेव्हलपमेंटच्या सेटअपमधल्या या चुका टाळा

"ताई, होऊनच नाही राहिलं."

कॉलेजं सुरू झाली की माझा फोन या वाक्याने वाजायला लागतो. मी विचारते, स्क्रीनवर काय लिहून आलंय? उत्तर ठरलेलं: "लाल लाल काहीतरी आलं, तं मी बंद केलं." बंद करून मग काय केलंस? "अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकलं." किती वेळा? "चारदा." चारही वेळा तेच लाल काहीतरी आलं, आणि चारही वेळा ते कोणी वाचलं नाही.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत रविवारी सकाळी सहा-सात पोरंपोरी लॅपटॉप घेऊन बसतात. कोणी शेजारचं, कोणी हिंगणा रोडवरच्या कॉलेजातलं. हा क्लास नाही, फी नाही. फार तर येताना कोणी तर्री-पोहे बांधून आणतं. आठवडाभर ऑफिसात मी हेच काम करते, त्यामुळे रविवारी निदान चूक तरी नवीन बघायला मिळावी अशी माझी भाबडी अपेक्षा असते. मिळतात त्याच जुन्या. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय; पुढच्या वेळी फोनवर घसा कोरडा करण्याऐवजी हेच पाठवीन.

नोड टाकलं, तरी नोड सापडत नाही

सगळ्यात जास्त फोन याचे. नोड जेएस (ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) व्यवस्थित इन्स्टॉल होतं, शेवटचं फिनिशही दाबलं जातं, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'नोड' लिहिलं की विंडोज म्हणतं, असली कुठली कमांड मला माहीत नाही. पोरगं लगेच कंट्रोल पॅनेलकडे धावतं.

इन्स्टॉलर नोडच्या फोल्डरचा पत्ता 'पाथ' नावाच्या यादीत घालतो. टर्मिनल ही यादी उघडताना एकदाच वाचतं, नंतर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मतदार यादी छापून झाल्यावर नाव नोंदवलं, तर बूथवरच्या माणसाच्या हातातल्या कागदावर ते कुठून सापडणार? टर्मिनल बंद करा, नवीन उघडा. एवढंच.

"ते केलं न ताई, तरी नाही." हो, कारण ते टर्मिनल व्हीएस कोडच्या, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरच्या, आतलं होतं. ते स्वतः यादी वाचत नाही, व्हीएस कोडकडून उसनी घेतं, आणि व्हीएस कोड सकाळपासून उघडंच आहे. कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबून टर्मिनल कितीही वेळा मारलं तरी नव्याच्या हातात यादी जुनीच. व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून ते पुन्हा उघडायचं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशीसुद्धा आता "बाई, पूर्ण बंद कर म्हणते ना ती" असं पोरांना ऐकवतात.

एवढं करूनही जमलं नाही, किंवा जमलं पण आवृत्ती भलतीच दिसतेय, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजचं जुनं, साधं टर्मिनल) 'व्हेअर नोड' लिहा. कुठल्या फोल्डरातलं नोड चालतंय ते कळतं. दोन पत्ते आले तर मशीनवर दोन नोड आहेत आणि वरचं जिंकतंय. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये, मात्र नुसतं 'व्हेअर' चालत नाही, तिथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहावं लागतं. माझी स्वतःची सवय म्हणजे काहीही नवीन टाकलं की आधी ही कमांड आणि मग आवृत्ती बघायची, त्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही.

पायथनवाल्यांचं दुखणं याच जातीचं. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी पाथची एक चौकट असते, तिच्यावर टिक करायची असते, आणि ती सगळे ओलांडून जातात कारण हात आधीच 'इन्स्टॉल नाऊ'वर पडलेला असतो. मग 'पायथन' लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि लोकांना वाटतं व्हायरस आला. नाही आला. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस शोधा, तिथली पायथनची दोन बटणं बंद करा, आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय'मधून पाथची टिक करा.

झॅम्प आणि एका प्रोजेक्टचा मृत्यू

आता ज्या चुकीवर माझा खरा राग आहे ती. झॅम्प म्हणजे वेब सर्व्हर (अपाचे) आणि डेटाबेस (मायएसक्यूएल) आपल्याच लॅपटॉपवर एकत्र चालवून देणारं पॅकेज.

दोन वर्षांपूर्वीचा मे. कूलरसमोर बसूनही घाम येत होता. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा, दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. संध्याकाळी त्याच्याकडे लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, चार्जरवर चालणारा लॅपटॉप जागीच बंद पडला. लाईन आल्यावर झॅम्प उघडलं तर मायएसक्यूएल दोन सेकंद पिवळं होऊन बंद. खाली लाल ओळ: 'शटडाउन अनएक्स्पेक्टेडली'.

आता ही ओळ वाचली तरी फार उपयोग नसतो, हे मान्य. झॅम्प तिच्याखाली पोर्ट (प्रोग्रामला बाहेरून गाठायचा नंबरवाला दरवाजा) अडलेलं असेल, काही फाइल नसेल, परवानगी नसेल, क्रॅश झालं असेल किंवा दुसऱ्या मार्गाने बंद झालं असेल अशी पाच कारणं देतं, म्हणजे काहीच सांगत नाही. पण त्याच रांगेत 'लॉग्ज' असं बटण आहे. ते दाबलं की खरी हकीकत लिहिलेली फाइल सापडते. त्याने ते दाबलं नाही. त्याने व्हिडिओ बघितला.

व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं, झॅम्पच्या मायएसक्यूएलमधल्या डेटा फोल्डरातली आयबीडेटा१ नावाची फाइल आणि तिच्या शेजारच्या दोन लॉग फाइल उडवा. याने शिफ्ट दाबून उडवल्या, म्हणजे रिसायकल बिनमध्येही नाहीत. मायएसक्यूएल चालू होईना म्हणून त्याने आणखी दोन फाइल उडवल्या, आणि मग ते एकदाचं हिरवं झालं. तो खूश. मग साइट उघडली. टेबलांची नावं डावीकडे दिसत होती, पण एकावर क्लिक करेल तर 'हे टेबल इंजिनमध्ये अस्तित्वातच नाही'.

साडेनऊला तो माझ्या दारात उभा. पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला.

झालं होतं असं. झॅम्पमध्ये मायएसक्यूएल नावाच्या बटणामागे २०१५ पासून मारियाडीबी हा मायएसक्यूएलचाच भाऊबंद डेटाबेस चालतो. त्यात प्रत्येक टेबलचा माल त्याच्या स्वतःच्या आयबीडी फाइलमध्ये असतो, पण कुठली टेबलं आहेत याची नोंद आयबीडेटा१ मध्ये असते. शेत जागेवर आहे, पीकही उभं आहे, तलाठ्याचं रजिस्टर मात्र जाळून टाकलंय, अशी अवस्था. फाइल उडवली की मारियाडीबी नवं कोरं रजिस्टर बनवतं आणि आनंदाने सुरू होतं. त्या रजिस्टरात तुमचं काही नसतं.

मी लॉग उघडला. दोन तासांपूर्वीच्या ओळी तशाच होत्या. आरिया (मारियाडीबीचं टेबलं साठवायचं आणखी एक इंजिन) रिकव्हरी फेल झालीय, आरियाची टेबलं तपासा आणि 'आरिया लॉग' नावाने सुरू होणाऱ्या फाइल काढून टाका, असं त्यात सरळ इंग्रजीत लिहिलेलं होतं. म्हणजे काय उडवायचं तेही मशीननेच सांगितलं होतं. त्याने शेवटी उडवलेल्या दोन फाइल म्हणजे नेमक्या त्याच. दुखणं तेवढ्यानेच गेलं असतं. आयबीडेटा१ बिचारी निर्दोष होती.

रात्री अडीचपर्यंत आम्ही बसलो. सुदैवाने त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग करून आलेला होता आणि त्यात टेबलांची रचना छापलेली होती. त्या पानांवरून एकेक टेबल नव्या डेटाबेसमध्ये पुन्हा बनवलं, त्याचा रिकामा टेबलस्पेस (मालाची फाइल) डिस्कार्ड केला, जुनी आयबीडी फाइल त्याच्या जागी ठेवली आणि इम्पोर्ट केली. आठांपैकी सहा टेबलं परत आली. दोन आली नाहीत, कारण रिपोर्ट छापल्यावर त्याने त्यांत कॉलम वाढवले होते आणि कुठले ते त्याला आठवेना.

तुमच्यावर ही वेळ आली तर क्रम असा: आधी मायएसक्यूएल थांबलंय याची खात्री करा. मग सगळं डेटा फोल्डर कॉपी करून बाजूला ठेवा. हे झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मग लॉग वाचा. त्यातून मार्ग दिसला नाही, तर डेटा फोल्डरचं नाव बदला, शेजारच्या बॅकअप फोल्डरची कॉपी करून तिला डेटा नाव द्या, आणि जुन्यातून फक्त तुमच्या डेटाबेसची फोल्डरं आणि आयबीडेटा१ आणून त्यात टाका. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्कीमा आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन ही फोल्डरं जुन्यातून आणू नका, बिघाड बहुधा तिथेच असतो. आणि रोज लॅपटॉप मिटण्याआधी झॅम्पमध्ये स्टॉप दाबा. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एसक्यूएल एक्स्पोर्टला, म्हणजे डेटाबेसची एका फाइलमध्ये प्रत काढायला, अर्धं मिनिट लागतं; मी ती फाइल स्वतःलाच मेल करते.

बऱ्याचदा मात्र क्रॅश वगैरे काही झालेलंच नसतं. मायएसक्यूएल वर्कबेंच शिकायला म्हणून टाकताना त्याच्यासोबत आख्खा सर्व्हर आलेला असतो, तो लॅपटॉप सुरू होताच ३३०६ पोर्टवर ठाण मांडतो, आणि झॅम्पला जागा मिळत नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्याला थांबवा. अपाचेचं तसंच ८० नंबरवर. तिथे जुने सल्ले अजून सांगतात की स्काइप बंद करा. स्काइप २०२५ च्या मे महिन्यात कायमचंच बंद झालं, सल्ला मात्र अमर आहे. पोर्ट कोणी धरलंय ते नेटस्टॅट या कमांडने बघा; प्रोसेस नंबर ४ दिसला तर विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर चालू असण्याची शक्यता मोठी. त्याच्याशी भांडायचं नसेल तर अपाचेच्या कॉन्फिग फाइलमध्ये ८० चं ८०८० करा, आणि ब्राउझरमध्ये 'localhost' नंतर ':8080' लिहायचं लक्षात ठेवा. हे न लक्षात ठेवणाऱ्यांचे फोन वेगळे येतात.

बाकीचे, भरभर

पॉवरशेल म्हणतं स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे: एनपीएम (नोडसाठी दुसऱ्यांनी लिहिलेली पॅकेजं आणून देणारा प्रोग्राम) बिघडलेलं नाही. कमांड प्रॉम्प्ट वापरा, किंवा एक्झिक्युशन पॉलिसी (कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या त्याचा नियम) फक्त स्वतःच्या युजरपुरती रिमोट साइन्ड करा. 'अनरिस्ट्रिक्टेड' करा असं सांगणाऱ्या मित्राला दुसरं काहीतरी काम द्या.

कॉलेजात चालतं, घरी चालत नाही: लॅबमधल्या कोणीतरी एनपीएमला कॉलेजचा प्रॉक्सी (इंटरनेटला जायचा मधला सर्व्हर) सांगून ठेवलाय आणि तो तुमच्यासोबत घरी आलाय. एनपीएमच्या कॉन्फिगमधून प्रॉक्सी आणि एचटीटीपीएस-प्रॉक्सी दोन्ही काढा. गिटचा (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) प्रॉक्सी वेगळा असतो, तोही बघा.

सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) एरर: आधी घड्याळ बघा. मागच्या महिन्यात एका मुलीने बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) जुना डेस्कटॉप आणला. काहीही डाउनलोड केलं की सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१५. मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर२०३२, संपलेला. दर वेळी प्लग काढला की मशीन दहा-अकरा वर्षं मागे. तिने तोवर एनपीएमची एसएसएल तपासणीच, म्हणजे सर्टिफिकेट बघणंच, बंद करून टाकली होती. दाराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्याचा प्रकार. सेल बदलला, तारीख नीट केली, तपासणी पुन्हा चालू केली.

सीनियरचा जुना प्रोजेक्ट चालत नाही, ओपनएसएसएल अनसपोर्टेड म्हणतो: २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ (सांकेतिक सुरक्षेची लायब्ररी) आहे, आणि वेबपॅक ४ वर (प्रोजेक्टच्या फाइल एकत्र बांधणारं साधन) बांधलेले प्रोजेक्ट त्यावर अडतात. लेगसी प्रोव्हायडरची पट्टी लावून दिवस निघतो, पण खरा उपाय वेबपॅकची नवी आवृत्ती घेणं. नव्या कामाला नोडची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणारी, आवृत्तीच घ्या. 'करंट' लिहिलेली आवृत्ती तुमच्यासाठी नाही.

एनपीएमच्या कमांडला 'फोर्स' लावलं की होतं: होतं, आणि तीन दिवसांनी भलतीकडे फुटतं. एनपीएम ७ पासून पॅकेजं एकमेकांशी जुळतात का ते तपासलं जातं, म्हणून 'ईरिझॉल्व्ह' नावाची ती लांबलचक एरर येते. तीत कोणाला कोणाची कुठली आवृत्ती हवी ते लिहिलेलं असतं. मी वहीवर दोन नावं आणि बाण काढते. बहुधा पहिल्याच बाणावर कळतं.

पॅकेज जेसन (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीची फाइल) सापडत नाही: तुम्ही चुकीच्या फोल्डरात उभे आहात. बाकी काही नाही.

प्रोजेक्ट डेस्कटॉपवर: डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) जात असेल तर नोड मॉड्यूल्स या पॅकेजांच्या फोल्डरातल्या हजारो फाइल वनड्राइव्ह वर चढवत बसतो, मधेच फाइल धरून ठेवतो आणि 'ईपर्म' ही परवानगीची एरर येते. सी ड्राइव्हवर साधं 'कोड' नावाचं फोल्डर करा. नावात जागा नको.

लिनक्स-मॅकवर सुडो (मशीनचे सगळे अधिकार देणारी कमांड) लावून एनपीएम: नको.

आणि मला फोन करणार असाल, तर मोबाइलने तिरपा काढलेला फोटो पाठवू नका. त्यात ट्यूबलाइट दिसते, एरर दिसत नाही. टर्मिनलमधला मजकूर निवडा, कॉपी करा, पाठवा. पहिल्या ओळीपासून पाठवा. शेवटच्या चार ओळींत फक्त लॉग कुठे ठेवलाय तेवढंच असतं. कुठली कमांड दिली होती ते वर लिहा. पहिली ओळ कॉपी करताकरता निम्म्या लोकांचा मेसेज अर्धवट राहतो आणि मागोमाग दुसरा येतो: "ताई, राहू द्या, दिसलं."