सुतारकामाच्या मशीनची दुरुस्ती आणि दाद न देणारी सर्व्हिस : या चुका टाळा

नवे मशीन सदोष निघणे हा जेवढा मनस्ताप असतो, त्याहून मोठा मनस्ताप पुढच्या काही आठवड्यांत सुरू होतो. फोन उचलले जात नाहीत, तंत्रज्ञ येतो, दोन-चार बोल्ट आवळून जातो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. यात विक्रेत्याची आणि कंपनीची जबाबदारी नि:संशय आहे. परंतु आपली तक्रार टोलवणे त्यांना सोपे जाईल की अवघड, हे बऱ्याच अंशी आपण ती कशी मांडतो यावर ठरते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोघम तक्रार. ‘रंधा नीट लागत नाही’ असे सांगितले की पाती बोथट असतील, लाकूड ओले असेल, चालवणाऱ्याला सवय नसेल, अशी उत्तरे तयारच असतात. त्याऐवजी मोजमाप सांगावे. सरफेस प्लेनरची, म्हणजे फळीची बाजू किंवा कड रंधून सपाट करणाऱ्या मशीनची, पुढची आणि मागची टेबले समान उंचीवर आणल्यावर एकाच पातळीत असायला हवीत. दोन्हींवर मिळून एक खात्रीची स्ट्रेट एज (अचूक सरळ कडेची पट्टी) ठेवावी आणि जिथे फट दिसेल तिथे फीलर गेजची (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या संचाची) पाने एकेक करून सरकवून पाहावीत. ‘स्ट्रेट एज मागच्या टेबलावर पूर्ण टेकलेली असताना पुढच्या टेबलाच्या बाहेरच्या टोकाला 0.3 मिमीचे पान सहज जाते आणि त्यामुळे फळीची कड कमानदार येते’ हे वाक्य फोटोसह लिहून पाठवले की चर्चा आपल्या कौशल्यावरून मशीनवर येते. टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीच्या) शाफ्टमध्ये, म्हणजे पाते फिरवणाऱ्या दांड्यात, डगमग वाटत असेल, तर पाते काढून ते जिला टेकते त्या चकतीवर (फ्लँजवर) डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक, लावावा, कारण पाते स्वतःच वाकडे असल्यास त्यावर घेतलेले माप शाफ्टविषयी काहीच सिद्ध करत नाही.

तक्रार नोंदवण्याआधी वीजपुरवठा न तपासणे हीदेखील नेहमीची चूक आहे. इंडक्शन मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्होल्टेज 10 टक्के कमी मिळाले, तर टॉर्क सुमारे 19 टक्के कमी होतो. लांब आणि बारीक एक्स्टेंशन वायरवर चालवलेले मशीन जाड कापात दम सोडते, ते याच कारणाने. थ्री फेजपैकी एक फेज गेली असेल, तर मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. कुशल इलेक्ट्रिशियनकडून मशीन भाराखाली चालू असतानाचे व्होल्टेज मोजून घ्यावे आणि तो आकडाही तक्रारीत द्यावा. पहिल्याच भेटीत दोष वायरिंगचा निघाला, तर पुढची खरी तक्रारही संशयाने पाहिली जाते.

कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मशीन उघडू नये. कंपनीनेच सुटा भाग पाठवून ‘तुम्हीच बसवून घ्या’ असे सांगितले, तर त्याने वॉरंटीला बाधा येणार नाही हे लिहून घ्यावे. काम वीजजोडणी काढूनच करावे आणि जुना भाग कंपनी परत मागेपर्यंत जपून ठेवावा.

केवळ फोनवर विसंबून राहिल्याने महिने वाया जातात. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विक्रेत्याकडे. म्हणून प्रत्येक संभाषणानंतर त्याच दिवशी काय ठरले, कोणी सांगितले आणि पुढची तारीख कोणती, एवढे लिहिलेला ईमेल दोघांनाही पाठवावा. त्यात नेमप्लेटवरील मॉडेल आणि सिरियल नंबर दर वेळी असावा.

‘हे टॉलरन्समध्ये आहे’ हे वाक्य ऐकून गप्प बसणे ही माझ्या मते सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. टॉलरन्स, म्हणजे मापात चालू शकणाऱ्या फरकाची मर्यादा, हा आकडा असतो. तो किती, कोणत्या लांबीवर आणि कोणत्या उपकरणाने मोजायचा, हे लेखी मागावे. आकडा मिळाला तर आपले माप त्याच्याशी ताडून पाहता येते, आणि मिळाला नाही तर ती टाळाटाळही पत्रव्यवहारात नोंदली जाते. मात्र हा राग घरी आलेल्या तंत्रज्ञावर काढू नये. सुटे भाग कधी येणार हे बहुधा त्याच्या हातात नसते, आणि मापे समोर ठेवली तर दोष मान्य करणारा शेरा तोच लिहू शकतो.

सर्व्हिस रिपोर्टवर घाईने सही करू नये. आधी घेतलेले माप त्याच जागी, त्याच उपकरणाने पुन्हा घ्यावे, मशीन थंड असताना आणि अर्धा तास चालल्यानंतर त्यावर प्रत्यक्ष लाकूड चालवून पाहावे. बेअरिंगचे काही दोष गरम झाल्यावरच जाणवतात. दोष कायम असेल, तर सहीच्या वर ‘चाचणीत दोष कायम’ असे मापासह लिहावे आणि रिपोर्टची प्रत ठेवून घ्यावी. गार्ड, ब्रेक किंवा स्विचचा दोष असेल, तर मशीन तत्काळ बंद ठेवावे.

तोच दोष दुरुस्तीनंतरही परत आला, तर ‘काहीतरी करा’ अशी विनवणी पुरेशी नाही. भाग बदलून हवा, मशीन बदलून हवे की पैसे परत हवेत, यांपैकी एकच मागणी ठरवावी आणि उत्तरासाठी निश्चित तारीख देऊन ती आधीच्या सर्व रिपोर्टच्या प्रतींसह लेखी पाठवावी.