गीझर पेटायचा आणि लगेच विझायचा

खानापुरात आषाढात गार पाण्यानं आंघोळ म्हणजे शिक्षाच. आमचा जुना गॅस गीझर नळ सोडला की टकटक करायचा, भक्कन पेटायचा आणि पाच-सात सेकंदांत गप्प. दीड व्होल्टचे दोन्ही जाडे सेल बदलले, फरक शून्य. मेकॅनिक बेळगावहून येणार, म्हणजे रोज "उद्या".

शेवटी गॅस बंद करून झाकण काढलं. बर्नरजवळ दोन काड्या असतात: एक ठिणगी पाडते, दुसरी ज्योत ओळखते. ही दुसरी काजळीनं काळीठिक्कर! ज्योत कळेना, म्हणून व्हॉल्व्ह मिटायचा. झिरो पॉलिश पेपरनं हलकेच घासली. काजळीचं मूळ हवेच्या भोकात सापडलं, कोळ्याचं जाळं; तेही काढलं. जोडांना साबणाचा फेस लावून गळती तपासली. पेटला तो पेटलाच.

बाथरूमची खिडकी मात्र आई पावसातही बंद करू देत नाही. बरोबर आहे तिचं, गॅस नीट न जळता तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.