गाव बदलताना मुलाची शाळा कशी बदलावी: पहिली ते पाचवीच्या पालकांसाठी

बदलीचा आदेश आला की पालक आधी नव्या गावातल्या शाळांची चौकशी सुरू करतात. खरं तर काम जुन्या शाळेच्या कार्यालयातून सुरू व्हायला हवं. तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेतल्या सगळ्या मुलांच्या कायमच्या नोंदवहीत, मुलाची नोंद जशी असेल, तसाच शाळा सोडल्याचा दाखला निघतो. ही नोंद मूल त्या शाळेच्या पटावर असेपर्यंतच सहज दुरुस्त होते. दाखला निघाल्यावर साधी लेखनिकाची चूकही शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बदलत नाही. तोवर तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असता, आणि एका वेलांटीसाठी रजा टाकून खेपा माराव्या लागतात.

म्हणून जन्मदाखला आणि मुलाचं आधार घेऊन शाळेत जा आणि रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचा. मुलाचं, वडिलांचं आणि आईचं नाव, आडनाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख, तालुका-जिल्ह्यासह जन्मठिकाण, धर्म आणि जात हे सगळं पाहा. जातीच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. पुढे जातीचं प्रमाणपत्र आणि जात पडताळणी करताना प्राथमिक शाळेतली हीच नोंद मागितली जाते. रकाना रिकामा असेल किंवा जात अर्धवट लिहिली असेल, तर त्याचा त्रास दहा-पंधरा वर्षांनी, ऐन कॉलेज प्रवेशाच्या वेळी होतो.

आधारवरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव अक्षरशः जुळायला हवं. मराठीत बरोबर असलेलं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये वेगळं असतं आणि ऑनलाइन नोंद तिथेच अडते. मुलाचं आधार पाच वर्षांच्या आधी काढलं असेल आणि नंतर बोटांचे ठसे दिलेच नसतील, तर तेही याच वेळी अद्ययावत करून घ्या.

दाखला कधी काढायचा

दाखल्यातला मजकूर सगळ्यात आधी तपासायचा, पण दाखला काढायचा शेवटी. नवी शाळा खासगी असेल तर तिथे जागा असल्याचं लेखी मिळेपर्यंत जुन्या शाळेतून नाव कमी करू नका. फोनवर मिळालेलं 'या तुम्ही, बघू' म्हणजे प्रवेश नव्हे. नवी शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल तर ही भीती नाही, तिथे मुलाला नाकारता येत नाही.

दाखल्यासाठी मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज पुरतो: मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक, शाळा सोडण्याचं कारण आणि नव्या गावाचं नाव. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. ग्रंथालयाची पुस्तकं आणि फी यांचा हिशेब त्याच दिवशी मिटवा. दाखल्यासोबत मागच्या वर्षाचं प्रगतिपत्रक घ्या, आणि वर्ष अर्ध्यावर असेल तर चालू सत्राच्या मूल्यमापनाच्या नोंदींची शिक्क्यासह प्रत मागा. ही प्रत बहुतेक पालक मागतच नाहीत. मग नव्या शाळेला पहिल्या सत्राचे गुण भरता येत नाहीत.

यू-डायस प्लस या केंद्राच्या ऑनलाइन नोंदप्रणालीवरचा मुलाचा पेन (कायम शिक्षण) क्रमांक, सरल या राज्याच्या प्रणालीवरचा स्टुडंट आयडी, अपार हा देशपातळीवरचा विद्यार्थी ओळख क्रमांक असल्यास तो, आणि जुन्या शाळेचा यू-डायस कोड एका कागदावर लिहून घ्या. मूळ दाखला नवी शाळा ठेवून घेते आणि तो एकदाच मिळतो. दुसरी प्रत हवी तर प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात होते. देण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करा.

कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम (आरटीई) २००९ सालचा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम ५ स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक पालकाने पाठ करावं इतकं उपयोगी आहे. कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली, राज्यात असो वा राज्याबाहेर, तरी मुलाला बदलीचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, विलंब केल्यास त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.

मात्र कलम ५ मधला बदलीचा हक्क शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित शाळा आणि केंद्रीय विद्यालयासारख्या विशेष प्रवर्गातल्या शाळा त्यातून वगळल्या आहेत. हा फरक माहीत नसल्यामुळे पालक खासगी शाळेत कायद्याचा कागद दाखवून वाद घालतात आणि वेळ घालवतात. तिथे जागा असेल तरच प्रवेश मिळतो. मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेणं मात्र या कायद्याखाली येणाऱ्या कोणत्याच शाळेला चालत नाही. त्यासाठी पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नव्या गावात

राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी घरापासून १ किलोमीटरच्या आत शाळा असायला हवी. घर भाड्याने घेण्यापूर्वी त्या परिघात पायी फिरून शाळा पाहा. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभं राहून पालकांशी बोललात तर वर्गात शिक्षक आहेत की एकाच शिक्षकावर दोन-तीन इयत्ता आहेत, ते कळतं. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत.

प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखला, मूळ दाखला, प्रगतिपत्रक, मुलाचं आणि दोन्ही पालकांचं आधार, जातीचा दाखला असल्यास तो आणि फोटो, हे प्रत्येकी दोन झेरॉक्ससह न्या. दिव्यांग मूल असेल तर प्रमाणपत्र आणि आधीच्या शाळेत मिळत असलेल्या मदतीची नोंद न्या, म्हणजे गटसाधन केंद्राकडून (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र) विशेष शिक्षकाची मागणी लवकर जाते. परराज्यातून येत असाल तर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी दाखल्यावर निघण्यापूर्वीच घ्या, ती इथे हमखास मागतात. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. तिसरी-चौथीत येणाऱ्या मुलाला अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागेल, हे वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा.

वयाचा हिशेब मंडळ बदलताना चुकतो. राज्यात पहिलीसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात, तर केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं मूल राज्याच्या शाळेत जूनमध्ये पहिलीत बसतं, पण केंद्रीय विद्यालयात त्याला त्या वर्षी प्रवेश मिळत नाही. सीबीएसईच्या शाळांचं वर्ष बहुधा एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाचं जूनमध्ये. मार्चनंतर गाव बदलणाऱ्यांनी ही तफावत आधी पाहावी.

आरटीईची २५ टक्के जागा

खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या या मोफत जागा फक्त शाळेच्या प्रवेशस्तरावर, म्हणजे पहिलीला किंवा त्या शाळेच्या पूर्वप्राथमिक वर्गाला असतात. जुन्या गावात मुलाला अशी मोफत जागा मिळाली असेल, तर ती नव्या गावातल्या शाळेत हलत नाही, आणि एकदा लाभ घेतल्यावर पुन्हा अर्जही करता येत नाही. घर बदलण्याच्या निर्णयात हा खर्च धरायलाच हवा.

पहिल्यांदाच अर्ज करत असाल तर सगळ्यात जास्त प्रवेश पत्त्यावरून जातात. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, ११ महिन्यांचा किंवा जास्त मुदतीचा आणि अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा लागतो. नुसता स्टॅम्प पेपरवरचा करार पडताळणी समिती मानत नाही. अर्जातल्या नकाशावरची खूण घराच्या दारावर ठेवा, चौकात नको. अंतर तिथूनच मोजलं जातं आणि लॉटरी त्या अंतरावर लागते. वेळापत्रक दरवर्षी बदलतं, तेव्हा डिसेंबरपासूनच आरटीई प्रवेशाचं संकेतस्थळ पाहत राहा.

अडवणूक झाली तर

तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. प्रवेशाचा लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर ग्रामीण भागात केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी), मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, आणि शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, असा क्रम धरा. कलम ३२ खालच्या तक्रारीवर निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. तोवर मूल घरी बसवू नका, जवळच्या सरकारी शाळेत बसवा.

ऊसतोडीसारख्या हंगामी कामासाठी जाणाऱ्यांनी दाखला काढूच नये. गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू ठेवण्यासाठीचं कार्ड, घ्यावं आणि फडाजवळच्या शाळेत ते दाखवावं. परतल्यावर मूल आपल्याच वर्गात बसतं. कार्ड मागितल्यावरच मिळतं असं अनेक ठिकाणी होतं, म्हणून निघण्यापूर्वी स्वतःहून मागा.

ऑनलाइन नोंद

वर्गात बसलेल्या मुलाची ऑनलाइन नोंद जुन्याच शाळेत राहते, हा घोळ नेहमीचा. नवी शाळा मागणी पाठवते आणि जुन्या शाळेने ती मंजूर करायची असते. पण ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेची संच मान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पट टिकवायला धडपडणाऱ्या छोट्या शाळा मंजुरी लांबवतात. त्यांची अडचण खरी आहे, तरी मुलाची नोंद अडकता कामा नये. प्रवेशानंतर पंधरा दिवसांनी नव्या शाळेत जाऊन विचारा. मागणी प्रलंबित असेल तर तिची तारीख घ्या आणि जुन्या मुख्याध्यापकांना दाखल्याच्या प्रतीसह लेखी कळवा. तरीही हललं नाही तर जुन्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना तेच पत्र पाठवा.