मागच्या दारावरची स्टेपनी: उन्हाळ्याआधीची तयारी

कव्हर विकत घेण्याआधी स्टेपनी खाली उतरवा. यादीतलं हे पहिलं काम, आणि नेमकं हेच टाळलं जातं. मागच्या दारावरचं चाक उतरवायला जड असतं आणि वरवर पाहता नवंकोरं दिसतं. नक्षी शाबूत, कारखान्यातून येताना असलेले रबराचे बारीक केसही जागच्या जागी. माझ्या गाडीवरचीही अशीच होती. तिच्यावर मी हौसेने जाड कव्हर चढवलं, चार वर्षं ते धुऊन-पुसून लखलखीत ठेवलं, आणि रस्त्यात खरोखर गरज पडली तेव्हा कव्हर काढून पाहतो तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा! कव्हरने आपलं काम केलं असेलही, पण टायर ते चढवलं तेव्हाच म्हातारा होता, आणि झाकलेला असल्यामुळे मला कधी दिसलाच नाही.

सामान फार लागत नाही. चाकाचा पाना, लॉकिंग नट असेल तर त्याची किल्ली, हवेचा गेज, बादलीभर पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण, मऊ ब्रश, टॉर्च, मोजपट्टी आणि खडू. वेळ सकाळची, टायर गार असताना, कारण तापलेल्या टायरचा गेजवरचा आकडा फसवा असतो. लॉकिंग नटाची किल्ली आधी शोधा. ती सापडायलाच अर्धा तास गेला तरी हरकत नाही, रात्री रस्त्याच्या कडेला शोधण्यापेक्षा बरं.

आता टायरचं वय. दोन्ही बाजू पुसून 'डीओटी' (DOT) ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे पुष्कळ टायरांवर एकाच बाजूला असतात, आणि नशीब असं की ती बाजू बहुधा दाराकडे तोंड करून असते. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. मग धुण्या-झाकण्याच्या भानगडीत न पडता तो थेट बाद करा.

वयाची मर्यादा किती धरायची यावर एकमत नाही. बऱ्याच मोटार कंपन्या ६ वर्षांनी टायर बदलायला सांगतात. मिशेलिन ही टायर कंपनी ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी १० वर्षांनी बदल सुचवते, आणि त्यात स्टेपनीही धरते. ब्रिटनने तर १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर १० वर्षांहून जुना टायर वापरायला कायद्यानेच बंदी केली. उन्हात टांगलेल्या स्टेपनीला मी स्वतः ६ वर्षांचा हिशेब लावतो. डिकीत सावलीला असलेली थोडी अधिक चालवतो, पण डोळे मिटून नाही.

आकडा पटला तर पुढे जाऊ. पण टांगलेलं रबर नुसतं बसून म्हातारं का होतं हे एकदा समजलं की बाकीची यादी पाठ करावी लागत नाही. सगळा दोष उन्हाला दिला जातो. टायर काळा असतो तो त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे एका प्रकारच्या काजळीमुळे, आणि ही काजळी अतिनील किरण शोषून घेते. म्हणून किरणांचं नुकसान मुख्यतः वरच्या पातळ थरात राहतं. खोल जाते ती उष्णता. कच्चं रबर गंधक घालून तापवलं की चिवट होतं, हे चार्ल्स गुडइयरच्या १८३९ मध्ये लक्षात आलं आणि टायर आजही त्याच तत्त्वाने भाजला जातो. गोम अशी की हे भाजणं कारखान्याच्या दारात पुरतं थांबत नाही. तापत्या रबरात गंधकाचे नवे दुवे अगदी सावकाश जुळत राहतात, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, आणि रबर हळूहळू कडक, ठिसूळ होत जातं. अशा रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो.

ओझोन हा तिसरा वैरी. हवेत तो नावापुरता असतो, पण ताणलेल्या रबराला चिरा पाडायला तेवढा पुरतो. त्यावर उतारा म्हणून टायरमध्ये मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. ती आतून पृष्ठभागावर येतात आणि दुधावर धरावी तशी पातळ साय धरतात. धावत्या टायरचं रबर सारखं दबतं-सुटतं, त्या हालचालीने साय नव्याने धरत राहते. स्टेपनी हलतच नाही. तिची साय उन्हा-पावसाने किंवा तुमच्या-माझ्या घासण्याने गेली की लवकर परत येत नाही. टायरवर कधी तपकिरी झाक दिसते ती याच रसायनांची. तिला डाग समजून खरवडू नका.

तपासताना टॉर्च तिरपी धरा, समोरून मारलेल्या उजेडात बारीक भेगा बुजून जातात. सर्वात जास्त वेळ वरच्या अर्ध्या भागावर द्या, कारण टांगलेल्या चाकाच्या वरच्या कमानीवर ऊन जास्त पडतं. मग नक्षीच्या खाचांचा तळ, टायर रिमला टेकतो ती कड आणि व्हॉल्व्हचं मूळ. व्हॉल्व्ह रबरी असेल तर बोटाने किंचित वाकवून पाहा, त्याच्या भेगा वाकवल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. नख न अडकणाऱ्या केसासारख्या रेषा असतील तर खडूने खूण करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघता येईल. नख अडकलं, आतले दोरे दिसले किंवा कुठे फुगवटा असला तर विषय संपला. अशा टायरला कव्हर घालणं म्हणजे फक्त तो लपवणं. नवा घेतानाही दुकानातच चार आकडे वाचा. गोदामात पडून राहिलेला टायरही 'नवा' म्हणूनच विकला जातो.

धुण्याचं काम सोपं आहे. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, भरपूर पाण्याने खळखळून धुणं, सावलीत पूर्ण सुकवणं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचं बोटही लावू नका, खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. टायर चमकवणाऱ्या पॉलिशबद्दल माझं मत वाईट आहे. तेल किंवा सॉल्व्हंट असलेलं पॉलिश वरची साय धुऊन नेतं आणि बदल्यात दोन दिवसांची चमक देतं. हौस असलीच तर पाण्यात बनवलेलं निवडा. मी काहीच लावत नाही.

हवा. धड टायरमधूनही महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय हवा कमी होते, आणि तापमान ५-६ अंशांनी उतरलं की आणखी सुमारे १ पीएसआय. म्हणजे वर्षभर न पाहिलेली स्टेपनी ऐनवेळी हमखास बसलेली निघते. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरून ठेवा, पण साइडवॉलवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. जादा हवा रस्त्यात सोडता येते, कमी असेल तर भरायची कशाने? रबरावरचा ताण घटावा म्हणून साठवलेल्या टायरमध्ये हवा कमी ठेवतात. हंगाम संपल्यावर काढून ठेवलेल्या टायरांसाठी ते ठीक, स्टेपनीसाठी नाही. तुमची स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिचा दाब बहुतेक वेळा ६० पीएसआय असतो आणि वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर. दोन्ही आकडे तिच्यावरच छापलेले असतात. व्हॉल्व्हचं टोपण घट्ट बसवा.

आता कव्हर. माप अंदाजाने घेऊ नका. टायरवर २३५/६५ आर १७ लिहिलं असेल तर २३५ मिलिमीटर रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १५३ मिलिमीटर ही साइडवॉलची उंची. तिची दुप्पट, अधिक १७ इंचांच्या रिमचे ४३२ मिलिमीटर, मिळून व्यास साधारण ७३७ मिलिमीटर, म्हणजे २९ इंच. मोजपट्टीने पडताळा आणि रुंदीही घ्या. सैल कव्हर वाऱ्याने फडफडून रबर आणि रंग दोन्ही घासतं. रंग पांढरा किंवा फिकट घ्या. काळं कव्हर किरण अडवतं, पण स्वतः तापतं, आणि उष्णतेचं काय होतं ते वर आलंच आहे. तळाशी पाणी निघून जायला भोकं हवीत, नाहीतर आत ओल साठून रिम आणि नट गंजतात. मऊ कापडाचं अस्तर असलं तर उत्तम. नंबर प्लेट, दिवा, मागचा कॅमेरा यांतलं काही झाकलं जात नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा. कचऱ्याच्या काळ्या पिशवीचा जुगाड मीही करून पाहिला आहे. पहिल्या आठवड्यातच तिच्या चिंध्या झाल्या.

गाडी लावताना तोंड नेहमी सावलीत जातं आणि पाठ उन्हात राहते. उलटी लावायची सवय करा, फुकटचा उपाय आहे. ब्रॅकेटवर नटांची भोकं जुळत असतील तर दर तीन-चार महिन्यांनी चाक फिरवून वरची कमान खाली आणा. टपावर बांधलेल्या स्टेपनीला कव्हरशिवाय गत्यंतर नाही. गाडीच्या पोटाखालची स्टेपनी उन्हापासून वाचते, पण तिला चिखल, दगड आणि सायलेन्सरची धग सोसावी लागते, शिवाय तिला धरणारी तार गंजून अडकते. म्हणून ती वर्षातून एकदा तरी पूर्ण खाली सोडून पाहा. डिकीतली सुखी, फक्त तिच्या शेजारी पेट्रोलचा कॅन किंवा ऑइलचा डबा नको.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर स्टेपनी काढून घरात आणा. पूर्ण सुकवून गडद, अपारदर्शक पिशवीत घाला आणि रिमसकट आडवी ठेवा. वेल्डिंग, विजेच्या मोटारी आणि बॅटरी चार्जर यांच्यापासून दूर, कारण तिथे ओझोन तयार होतो.

स्टेपनी इतर चार चाकांच्याच मापाची असेल तर तिला पाचवं चाक म्हणून फिरतीत घ्या, म्हणजे चाकांच्या जागा आळीपाळीने बदलताना तिलाही धरा. मला हा उपाय कव्हरपेक्षा मोलाचा वाटतो. टायर धावला की साय धरते, पाचही सारखे झिजतात, आणि एक टायर न वापरताच वय होऊन फेकायची वेळ येत नाही. एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर असतील तर हे जमत नाही. चारही चाकांना कायम जोर असणाऱ्या गाडीत, झिजलेल्या तीन टायरांच्या जोडीला एकदम कोरा टायर लावण्याआधी पुस्तिका वाचा, व्यासातला फरक तिथे गिअरना महागात पडतो.

चाक परत चढवताना नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळा. थोडी गाडी चालवून झाली की पुन्हा पाना लावून बघा. कव्हर घालण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने टायरचे ते चार आकडे, आजचा हवेचा दाब आणि आजची तारीख लिहा. लॉकिंग नटाची किल्ली जॅकच्या पिशवीत, पान्याला बांधून ठेवा.