आधी एसटीचं वेळापत्रक, मग कॉलेजचं

लवचिक अध्यापनाचा, म्हणजे मुलांच्या सोयीनं थोडं वर्गात आणि थोडं बाहेर शिकवण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ॲप कुठलं घ्यायचं? ॲपचं नंतर बघू. जूनमध्ये प्रवेश झाले की वर्गात कागदी फॉर्म वाटा. कुठल्या गाडीनं येता, परतीची गाडी किती वाजता, कामाला जाता का, घरी मोबाईल कुणाचा आणि रेंज कुठं मिळते, एवढंच विचारा. आमच्या कॉमर्सच्या वर्गात गगनबावड्याकडची मुलं आहेत, शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करणारी आहेत, पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालून येणारीही आहेत. सकाळी साडेसातचा तास यांच्यासाठी नसल्यातच जमा.

फॉर्म हातात आले की सगळ्यांना जमणारे दोन-तीन तास शोधा. आमच्याकडं अकरा ते दीड निघाले. प्रॅक्टिकल, गणितं सोडवणं, चर्चा हे सगळं त्या वेळेत घ्या. नुसतं ऐकण्यासारखं असेल ते दहा-बारा मिनिटांच्या ऑडिओत बसवा आणि व्हॉट्सॲपवर टाका. व्हिडिओचा हट्ट नको, रेंज एका काडीवर असली तरी ऑडिओ उतरतो. थिअरीच्या एका क्रेडिटला (अभ्यासक्रम मोजायचं एकक) १५ तास धरतात. त्यातले वर्गातले किती आणि बाहेरचे किती, हे शिकवायला लागण्याआधीच लिहून काढा.

‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स घ्यायचे तर एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत घेता येतात, असं यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०२१ चा नियम सांगतो. पण क्रेडिट धरले जाणार का, हे विद्यापीठाकडून आधी लेखी घ्या. मुलांनी नाव नोंदवल्यावर चौकशी करण्यात अर्थ नाही.

पावसाळ्याची सोय वेगळी लावा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आम्ही ३९ वरच तास ऑनलाइन नेतो. ४३ ची वाट बघत बसलं तर रस्ते बंद होऊन पोरं निम्म्या वाटेत अडकतात. त्या आठवड्याच्या नोट्स छापून आधीच देऊन ठेवा, वीज जातेच.

राहिली हजेरी. ऑडिओ ऐकल्याचा पुरावा म्हणून पाच ओळींचं उत्तर वहीत लिहून घ्या आणि तेच हजेरी म्हणून धरायचं, असा प्राचार्यांच्या सहीचा कागद सत्र सुरू होतानाच करून घ्या. परीक्षेचे फॉर्म भरताना ऑफिसात तोच कागद मागतात.